कात्रीतलं माप

आमच्या घरात वजनकाटा नाही. सासूबाईंनी तो कधी येऊच दिला नाही. पुढची खोली म्हणजे त्यांचं शिवणाचं दुकान. बायका तिथे माप द्यायला येतात, आणि आईंचं म्हणणं असं, की काटा दिसला की बाई अंग चोरून उभी राहते आणि अंग चोरलेल्या बाईचा कपडा जन्मात नीट बसत नाही. "आपल्याला टेप पुरे," त्या म्हणतात. "टेप अंगाला मिठी मारते. काटा नुसता पायाखालून चुगली करतो."

म्हणून जनावरांच्या डॉक्टरांनी "घरी काटा आहे का?" असं विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले. पुढचं सगळं त्या एका 'नाही'मधून निघालं.

गुंडी तेव्हा त्यांच्या टेबलावर पसरली होती. गुंडी आमची कुत्री. बुटकी, तपकिरी, एक कान उभा, एक पडका. नवरा पहिल्यांदा जहाजावर गेला तेव्हा मला सोबत म्हणून आणून देऊन गेला होता. तेव्हा खरंच कोटाच्या मोठ्या गुंडीएवढीच होती, आईंच्या चिंध्यांच्या टोपलीत मावायची. आता उशीला चार पाय शिवल्यासारखी दिसत होती. येताना गाडीत ती घाबरली, बदक ओरडल्यासारखी खोकत राहिली आणि तिची जीभ जांभळी पडली. मी तिला घेऊन अक्षरशः पळत आत आले होते.

डॉक्टरबाई कमी बोलणाऱ्या. त्यांनी आधी गुंडीचा श्वास ऐकला, मग पोट चाचपलं. मागच्या पायाजवळ त्यांची बोटं थांबली.

"ही गाठ कधीपासून आहे?"

"कुठली गाठ?"

त्यांनी माझा हात धरून तिथे नेला. चरबीच्या आत, वाटाण्याएवढं काहीतरी टणक होतं. रोज जिला कुशीत घेते, तिच्या अंगात हे होतं आणि मला पत्ता नव्हता.

"लवकर काढली तर सुटली," त्या म्हणाल्या. "पण आज मी हिला भूल देणार नाही. हिची श्वासनळी बसकी आहे. वर हे वजन. टेबलावर श्वास अडकला तर परत आणता येईल याची मला खात्री नाही."

"मग काय करायचं?"

"वजन उतरवायचं. गाठ वाढायच्या आत."

म्हणजे शर्यत लागली होती. एकीकडे गाठ, एकीकडे वजन, आणि धावणारी कोण, तर जिला दारापर्यंत जाऊन यायलाही धाप लागते ती.

"हिला खायला कोण घालतं?"

"घरात आम्ही दोघीच. मी आणि सासूबाई. बाळ अजून रांगतंय."

"आणि दुकानात?"

आमच्या दुकानात माप देणारी बाई स्टुलावर उभी राहते, हात बाजूला करून, आणि गुंडी बरोब्बर तिच्या समोर बसते. मान वर, पडका कान आणखी पाडून. अशा वेळी पर्समध्ये बिस्किट नसेल अशी बाई मी अजून पाहिलेली नाही.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. उपाशी मारायचं नाही, एकदम कमी करायचं नाही. कोरडं खाणं मापाने, थोडंथोडं विभागून. मध्ये भूक लागली तर उकडलेलं गाजर, काकडी. बिस्किट बंद म्हणजे बंद. गळ्यातला पट्टा काढून छातीवरून जाणारा पट्टा लावायचा, आणि उन्हं नसताना सावकाश चालवायचं, धाप लागली की थांबायचं. "आणि दर आठवड्याला वजन करायला आणू नका. या गाडीच्या प्रवासातच काही व्हायचं. शिवणाचं दुकान आहे ना? पुढच्या पायांच्या मागे छातीचा घेर मोजा." त्यांनी आज किती आहे ते मोजलं आणि किती व्हायला हवा ते सांगितलं. "तिथे आला की फोन करा. त्याआधी नाही."

घरी आल्यावर आईंनी तो आकडा ऐकला, टेपवर अंगठा ठेवला, आणि आपल्या भाषेत आणला. "म्हणजे चार बोटं." मग गुंडीकडे पाहून म्हणाल्या, "चार बोटं, भवाने! तुझ्यापायी आता मलाही चहाबरोबर बिस्किट मिळायचं नाही."

त्यांनी खरंच डबा उचलला आणि शेजारी देऊन आल्या. त्याच दुपारी जुन्या पँटच्या कापडाचा, आतून मऊ अस्तर लावलेला छातीचा पट्टा शिवला. आई बोलण्यात वेळ घालवतात, पण हात कधी रिकामा नसतो.

आता आईंच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. माप घेताना त्या आकडा मोठ्याने सांगतात, पण जो असतो तो नाही. एक बोट कमी. कधी दोन. कापतात मात्र खऱ्या मापाने. ते त्या लिहीत नाहीत, डोक्यात ठेवतात आणि खडूने थेट कापडावर उतरवतात. मी लग्न होऊन आले तेव्हा मला आधी कळेचना, की सांगितलेल्या मापापेक्षा कपडा मोठा कसा निघतो आणि तरी बसतो कसा. विचारलं तर हसल्या. "एक तोंडातलं माप, एक कात्रीतलं. तोंडातलं ऐकून बाई ताठ उभी राहते. कात्रीतलं कपड्याला लागतं. कुणाचं काय बिघडतं?"

कुणाचंच काही बिघडत नव्हतं. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारी एक बँकेत काम करणारी बाई आहे, आम्ही तिला बँकवालीच म्हणतो. ती दर वेळी स्टुलावरून उतरताना म्हणायची, "काकू, मी काही वाढत नाहीये, नाही?" आणि आई तोंडात टाचण्या धरून म्हणायच्या, "उलट कमी झालीयेस ग." ती खूश होऊन जायची आणि गुंडीला बिस्किट देऊन जायची.

रविवारी दुकान बंद. त्या दिवशी गुंडीचं माप. मी जमिनीवर बसून तिचं डोकं मांडीवर घ्यायचे, बाळ पाठीवर चढलेलं असायचं, आणि आई मागून टेप घालायच्या. टेप छातीखाली गेली की गुंडीला गुदगुल्या व्हायच्या, ती अंग आकसायची, मी तिच्या कानात काहीबाही बोलत राहायचे. माझी नजर तिच्या जिभेवर. गुलाबी आहे ना, एवढंच मी बघायचे.

"अर्धं बोट उतरलं," पहिल्या रविवारी आई म्हणाल्या.

मी रडले. हल्ली मला रडायला निमित्त लागत नव्हतं. बाळ झाल्यापासून तसंच होतं; दूध उतू गेलं तरी डोळे भरायचे, आणि कधी काहीच उतू न जाताही. दुपारी आई दुकानात, बाळ झोपलेलं, नवरा कुठल्यातरी समुद्रावर इंजिनाच्या खोलीत, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडलेली. अशा वेळी गुंडी जड अंगाने पलंगाजवळ यायची, वर चढता यायचं नाही म्हणून माझ्या लोंबणाऱ्या हाताखाली डोकं सरकवून उभी राहायची. कितीही वेळ. त्या महिन्यांत माझी एकटीची म्हणावी अशी तीच होती. तिच्यावाचूनच्या दुपारींचा विचार मी करू शकत नव्हते.

"एक बोट," दुसऱ्या रविवारी. "दीड." मग "दोनला आलीच." आकडे कसे जिन्याच्या पायऱ्यांसारखे खाली येत होते. मी नवऱ्याला फोनवर सांगायचे, तो तिकडून ओरडायचा, "शाब्बास गुंडे!" आणि मग आवाज तुटायचा.

गाठ मात्र होती तिथे होती. रोज सकाळी मी बोट लावून बघायचे आणि रोज ठरवायचे, की कालच्याएवढीच आहे.

उतरतंय म्हटल्यावर माझा हात सैल सुटला, तो मला कळलाही नाही. बाळाला सर्दी झाली तेव्हा संध्याकाळचं फिरणं चुकलं. सर्दी गेली, फिरणं काही परत आलं नाही. बँकवालीने एकदा बिस्किटाचा तुकडा पुढे केला आणि मला म्हणाली, "एवढासा? बघ ग, किती बारीक झालीये ती." मी हसले, आणि नाही म्हणाले नाही. दोन बोटं उतरली होती, एका तुकड्याने काय होणार होतं? आई तेव्हा मशीनवर होत्या. त्यांचं चाक मध्येच थांबलं होतं, एवढं मला आठवतं. दुसऱ्या दिवसापासून त्या पहाटे उठून गुंडीला घेऊन बाहेर जायला लागल्या, गुडघे दुखत असताना. मला वाटलं, किती हौस!

मग तो रविवार आला. आई गुंडीच्या मागून म्हणाल्या, "चार."

"चार? पूर्ण?"

"पूर्ण," त्या टेप गुंडाळत म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांचा आवाज पहिल्यांदाच थोडा सैल झाला. मंगळवारी सकाळी रिकाम्या पोटी आणा म्हणाल्या. आणि टाके चाटू नयेत म्हणून अंगाला चपखल बसेल असा सुती कपडा शिवून घ्या, चार पायांना भोकं, पाठीवर बंद. "तुमच्याकडे काय, घरचाच कारखाना."

सोमवारी दुपारी तो कपडा शिवून तयार होता. फिक्या निळ्या कापडाचा, काठाला दुहेरी शिवण. आईंनी पुढच्या खोलीतून हाक मारून सांगितलं, "इस्त्री मार ग त्याला, टोचायला नको कुठे." पुढे बँकवाली आलेली होती, तिच्या नव्या कोटाचं फिटिंग चाललेलं होतं.

मी मधल्या खोलीत टेबलावर जुनं कापड अंथरलं. हाताला आला तो गुंडीचा मागच्या थंडीतला कोट. आईंनीच शिवलेला, ती अगदी फुगलेली होती तेव्हाचा. तोच खाली घातला आणि वर हा निळा कपडा पसरला. इस्त्री तापायची वाट बघत उभी होते.

बघता बघता माझी नजर काठावर गेली.

निळ्याचा काठ आणि कोटाचा काठ जवळजवळ एकावर एक होते. मी निळा कपडा उचलून परत नीट लावला, गळ्याला गळा, बगलेला बगल. छातीवर दोघांमध्ये फरक होता, पण एका बोटाचा. फार तर फार एका बोटाचा. चार बोटं उतरली म्हणजे निळ्याखालून जुन्याचा चांगला चार बोटं काठ बाहेर दिसायला हवा होता.

मनाशी म्हटलं, पट्टी बांधायची म्हणून सैल ठेवला असेल. गुंडीला हाक मारली, निळा कपडा तिच्या अंगात चढवला, पाठीवरचे बंद बांधले.

कातडीसारखा बसला. ना सुरकुती, ना झोळ.

आईंच्या हातून कपडा चुकत नाही. सगळ्या गल्लीला माहीत आहे.

इस्त्री बंद केली, गुंडीला तशीच उचलली आणि पुढच्या खोलीत गेले. बँकवाली स्टुलावर हात पसरून उभी, कोटाची एक बाही लावलेली, एक सुटी. आई गुडघ्यावर बसून तिचा खालचा काठ दुमडत होत्या, ओठांत टाचण्या.

"आई, गुंडीचं माप काय आहे?"

"सांगितलं की काल," त्या टाचण्यांमधूनच म्हणाल्या.

"तोंडातलं नको. कात्रीतलं सांगा."

आईंचा हात थांबला. त्यांनी एकेक टाचणी ओठांतून काढून उशीत खोचली. बँकवाली खाली बघायला लागली.

"कात्रीतलं म्हणजे?" ती म्हणाली. "कात्रीतलं वेगळं असतं?"

"तू हलू नकोस," आई म्हणाल्या. "टोचेल."

"काकू, म्हणजे माझंसुद्धा—"

"हलू नकोस म्हटलं ना!"

"आई, उद्या मी हिला भूल द्यायला नेणार होते." माझा आवाज इतका बारीक निघत होता, की माझा मलाच परका वाटला. "चार बोटं उतरली म्हणून. त्या बाईंनी सांगितलंय, श्वास थांबला तर परत आणता येणार नाही. किती उतरलंय खरं?"

आई तशाच गुडघ्यावर बसून राहिल्या. उठताना त्यांना नेहमी स्टुलाचा आधार लागतो, पण स्टुलावर बँकवाली होती.

"एक," त्या म्हणाल्या. "एकाला जरासं वर."

माझ्या हातात गुंडी घरघरत होती.

"पण का? कुत्रीला काय कळतं आकड्यातलं? तिच्यासमोर कमी सांगून—"

"तिला कुठे सांगत होते?" आई म्हणाल्या.

मी गुंडीला खाली ठेवलं.

"पहिल्या आठवड्याला काहीच उतरलं नव्हतं. एक दोरासुद्धा नाही. मी मान वर केली तर तुझं तोंड. सकाळपासून काही पोटात नाही, डोळे असे खोल गेलेले. तोंडातून निघून गेलं अर्धं बोट. सवयीने." त्यांनी पदर नसताना पदर सावरल्यासारखा हात खांद्यावर नेला, तिथे लोंबणारी टेप धरली. "एकदा कमी सांगितलं की पुढल्या खेपेला त्याहून कमी सांगावं लागतं. म्हटलं, खरं माप गाठेल सांगितलेल्याला. पहाटे फिरवून आणत होते, घास कमी करत होते. थोडं गाठलंही. आणि तू तिकडे सैल पडत गेलीस, तेही माझ्यामुळेच, बोलू कुठल्या तोंडाने? काल म्हटलं, डॉक्टर काट्यावर घालतीलच, त्याच नाही म्हणतील, मला सांगायला लागायचं नाही."

"आणि ते गाडीतून नेणं? उगाच नेऊन उगाच आणणं? जीभ बघितलीये ना तुम्ही तिची!"

बँकवालीने एक हात हळूच खाली केला, स्टुलावरून उतरली आणि आईंना काखेत धरून उभं केलं. कोटाची टाचलेली बाही गळून पडली.

"माझं किती आहे, ते नंतर सांगा," ती म्हणाली. "आधी डॉक्टरांना फोन करा."

डॉक्टर रागावल्या. मी ऐकून घेतलं. आईही माझ्याजवळ उभ्या राहून ऐकत होत्या, कारण फोनमधून आवाज स्पष्ट येत होता. मग डॉक्टरांनी विचारलं, "गाठ बघा. दाबून हलते का? गरम लागते? वरची कातडी लाल?" मी निळ्या कपड्याचे बंद सोडले, बोट लावलं. हलत होती. गरम नव्हती. पण वाटाण्याएवढी राहिली नव्हती. इतके दिवस रोज स्वतःला जे सांगत होते, ते त्या क्षणी मला सांगता येईना.

"मोठी झालीये," मी म्हणाले. "भिजवलेल्या चण्याएवढी."

"तीन आठवडे," त्या म्हणाल्या. "त्यापुढे मी थांबणार नाही. जशी असेल तशी आणा, मग जे होईल ते." आणि फोन ठेवायच्या आधी, "माप दुसऱ्या कुणीतरी घ्या."

पण दुसऱ्या कुणी घेतलं नाही. मी टेप हातात घेतली तेव्हा आई म्हणाल्या, "नको. मीच घेते. तू समोर बस आणि टेपवर नजर ठेव. माझी जीभ घसरली तर बोल."

त्यानंतरचा तो पहिला रविवार मी विसरणार नाही. टेप गुंडीच्या छातीखालून आली, आईंनी दोन टोकं जुळवली, चष्मा सारखा केला. त्यांचे ओठ हलले. मला दिसत होतं, की आत एक आकडा तयार झालाय आणि बाहेर येताना दुसरा व्हायला बघतोय. त्यांनी तो गिळला.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "जिथल्या तिथे."

मी रडले नाही. भीती इतकी होती, की रडायला जागाच नव्हती.

त्या संध्याकाळी बँकवाली दारात आली, पायात कापडी बूट. "द्या इकडे तिला. मला माझं कात्रीतलं माप कळलंय, आता घरात बसवत नाही." आणि आईंना, "सतरा वर्षं फसवलंत मला काकू."

"कपडा कधी आखूड आला?"

"नाही."

"मग कसलं फसवणं? आणि सावकाश चाल, ती धापली की थांब. तू धापलीस तरी थांब."

त्या दोघी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायच्या, मग वळणापर्यंत, मग वळणाच्या पलीकडे. मी आणि आई आळीपाळीने दाराशी उभ्या राहायचो, ती बदकाची हाक ऐकू येतेय का म्हणून कान लावून. दुकानाच्या दारावर आईंनी कापडाच्या तुकड्यावर दोऱ्याने अक्षरं भरून लावली: 'कुत्रीला खायला दिल्यास शिलाई दुप्पट.' गिऱ्हाइकं हसायची, पण पर्स उघडत नव्हती. गुंडीला ते मुळीच पटलं नाही. ती स्टुलासमोर बसून मान वर करून इतक्या दुःखाने बघायची, की एकदा मीच खोलीतून निघून गेले.

दुसऱ्या रविवारी दोन बोटं भरली. आईंनी मोठ्याने सांगितलं, मी टेपवर पाहिलं, खरं होतं. पण त्याहून खरा तो निळा कपडा. आम्ही तो दर रविवारी तिच्या अंगात घालायचो. त्या दिवशी पोटाखाली पहिली सुरकुती पडली. आईंनी ती चिमटीत धरून दाखवली, जशी बाई नवीन दागिना दाखवते.

गाठही वाढत होती. माझं बोट आता खोटं बोलत नव्हतं.

त्या आठवड्यात एकदा दुपारी बाळ झोपलेलं असताना मी पुढच्या खोलीत गेले आणि स्टुलावर उभी राहिले. "आई, बाळ झाल्यावर माझे कपडे शिवलेत, तेव्हा म्हणाला होतात, तू होतीस तशीच आहेस."

आईंनी मशीनवरून वर पाहिलं.

"घ्या माप. खरं सांगा."

त्या उठल्या. टेप माझ्याभोवती आली, आधी थंड, मग अंगाच्या उबेने कोमट झालेली. त्यांनी आकडा सांगितला. पुष्कळ होता. मी तो ऐकला, आणि गंमत म्हणजे मला हलकं वाटलं. इतके महिने मी होते तशीच असून का बुडतेय, हे मला कळत नव्हतं. होते तशी नव्हतेच मी. आई टेप सोडता सोडता म्हणाल्या, "आणि जेवत नाहीस, तेही दिसतंय मला. उद्यापासून तुझं ताटही मापाने. जास्तीच्या मापाने."

तिसऱ्या रविवारी टेपवर तीन बोटं होती. चार नव्हती. मंगळवारी जायचं होतं. आईंनी टेप दोनदा लावली, तिसऱ्यांदा लावली, आणि शेवटी टोकं सोडून दिली. "तीनच ग. मी काय करू?"

"तुम्ही तीन म्हणालात, एवढंच करायचं होतं," मी म्हणाले आणि टेप गुंडाळून ठेवली.

मंगळवारी सकाळी बँकवालीने सुट्टी घेऊन बाळाला सांभाळलं. गाडीच्या काचा खाली, गुंडी माझ्या मांडीवर, आईंचा तळवा तिच्या छातीवर. ती खोकली. थांबली. पुन्हा खोकली. मी तिची जीभ बघत होते आणि आई माझ्याकडे. गुलाबीच राहिली.

डॉक्टरांनी तिला काट्यावर ठेवलं, आकडा बघितला, मग आमच्याकडे. "तुमची ती चार बोटं उतरलेली नाहीत."

"तीन उतरली," आई पुढे होऊन म्हणाल्या. "खरी तीन."

डॉक्टरांनी गुंडीच्या छातीला नळी लावली, डोळे मिटून ऐकत राहिल्या. भिंतीकडे तोंड करून जशी मी दुपारी पडायचे, तशी मी तिथे उभी होते. "श्वास आधीपेक्षा बरा आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "खऱ्या तिनावर मी करते. बाहेर बसा."

बाहेर एक लांब बाक होता. समोर बंद दार, दाराला वरती दुधी काच. आत कुणी सरकलं की काचेवर सावली हलायची आणि आम्ही दोघी एकदम पुढे वाकायचो. एकदा आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला, मग पटपट पावलं. सावली काचेजवळ आली, थांबली, परत गेली. आईंनी माझं मनगट धरलं. त्यांच्या बोटांना सुयांनी पडलेले खडबडीत घट्टे आहेत. ते मला रुतत होते आणि मी हात काढला नाही.

"आई, काहीतरी सांगा."

"काय सांगू?"

"काहीही. बरं वाटेल असं."

त्यांनी दाराकडे पाहिलं. "नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. "मला माहीत नाही आत काय चाललंय."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्यांनी ते तसंच राहू दिलं.

दार उघडलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात निळं गाठोडं होतं. गाठोड्यातून एक पडका कान बाहेर आलेला. "मध्ये एकदा श्वास मंदावला होता," त्या म्हणाल्या. "सावरली. त्या जादाच्या चरबीत कदाचित सावरली नसती. गाठ सगळी निघालीये, तपासायला पाठवते. घ्या."

मी तिला मांडीवर घेतलं. जड, गरम, ढिली. जीभ बाहेर, कडेला पडलेली. गुलाबी. शेपटीचं टोक कपड्याच्या आत एकदा हललं, आणि मग माझ्याच्याने काही आवरेना.

आई वाकून कपडा बघत होत्या. ज्या बाजूची गाठ काढली होती तिथे पट्टी असूनही कापड थोडं लोंबत होतं. तिथून ती टाके चाटू शकली असती. त्यांनी कॉलरच्या आत खोचलेली, दोरा ओवलेली सुई काढली. ती तिथे नेहमी असते. बाकावर माझ्याशेजारी बसून, गुंडीच्या झोपलेल्या पोटाला धक्का न लावता, त्या बारीक टाके घालत ते कापड आत घ्यायला लागल्या.

"किती घेताय?"

"बोटभर," त्या दोरा ओढत म्हणाल्या. मग सुई तशीच ठेवून त्यांनी आपलं बोट आडवं लावून पाहिलं. "नाही. बोटाला जरा कमी."